पालथ्या फ्लेक्सवरचा नावाडी

मी फ्लेक्स बोलतोय. आवाज दबका येत असेल तर सांभाळून घ्या. नाशिकच्या सिडकोतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये मी पालथा पडलोय, तोंड फरशीला आणि पाठ छताला. कुणी सरळ केलं तरी मान वर करून बोलायची माझी हिंमत झाली असती का, शंकाच आहे.

तुम्ही म्हणाल, फ्लेक्सला कसली आलीय लाज? खरंय बाबांनो. आमची जातच कोडगी. चौकाचौकात दात काढून उभं राहायचं, सिग्नल झाकायचा, कुणाच्याही वाढदिवसाला कुणाचंही तोंड मिरवायचं आणि कार्यक्रम उरकला की कांद्याच्या चाळीवर नाहीतर एखाद्या मोटारसायकलवर जाऊन पडायचं. माझे भाऊबंद असे मजेत आहेत. लाज आली ती माझ्याच वाट्याला.

पंचवटीतल्या एका छपाईच्या दुकानात माझा जन्म झाला. रोलचा शेवटचा तुकडा मी, पाठ पांढरीशुभ्र. त्या दिवशी रविराज नावाचा तिशीतला माणूस दुकानात आला. अंबडच्या एका कंपनीत ऑफिसात काम करणारा, इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले. त्याचे वडील खंडेराव वारले होते आणि दशक्रियेसाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

फोटोत खंडेराव आपल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये स्टेअरिंगला रेलून बसले होते. सायखेड्याहून नाशिकपर्यंत सवाऱ्या नेणारी जीप त्यांनी जन्मभर चालवली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खाकी शर्टाची वरची बटणं उघडी, आणि पानाने रंगलेले सगळे दात दिसतील असं हसू.

"दुसरा फोटो नाही का?" कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने विचारलं.

"नाही. कधी काढलाच नाही."

"मग कोट घालू?"

रविराजने मागे वळून बघितलं, दुकानात ओळखीचं कुणी नव्हतं. "घाला," तो म्हणाला. "आणि ते दात जरा झाकता आले तर बघा."

कोट दुकानात तयारच असतो. निळा कोट, लाल टाय. गेलेला माणूस गवंडी असो की हमाल, मान तेवढी त्याची आणि खालचं सगळं दुकानाचं. त्या माणसाने टॉवेल पुसला, भांग पाडला, ओठ मिटवले, मागे थोडे ढग सोडले. मशीनमधून बाहेर पडलो तेव्हा मी जीपवाल्याचा नाही, बँकेच्या मॅनेजरचा फ्लेक्स दिसत होतो.

सायखेड्याला गोदावरीच्या काठावर मला बांबूंना बांधून उभं केलं. पिंडाला कावळा पटकन शिवला म्हणून लोक समाधानी होते. माणसांना मात्र ओळख पटेना. पुंजा नावाचा एक म्हातारा काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मला वरून खाली न्याहाळू लागला.

"ह्ये कोण सायेब गेले?" त्याने शेजारच्याला विचारलं.

"सायेब कुठले. आपला खंडू जीपवाला."

"काय बोलतो. खंडू असा व्हता व्हय? मी काय कमी बसलो का त्याच्या गाडीत?"

दोघंचौघं हसले आणि मग कुठे उभे आहोत ते आठवून गप्प झाले. रविराज भादरलेलं डोकं खाली घालून उभा होता. त्याच्या शेजारी त्याची आई, साळूबाई. तिने पदराआडून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर नदीकडे वळवली. त्याच वेळी वाऱ्याने मला फाडलं असतं तर बरं झालं असतं, पण माल चांगला होता.

पुढे साळूबाई लेकाकडे सिडकोत राहायला आली. मला टाकून देऊ दिलं नाही तिने. "माणसाचं तोंड हाय त्याच्यावर," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने घडी घालून मला माळ्यावर ठेवायला लावलं.

आता खेळाबद्दल सांगतो. रविवारी दुपारी रविराजकडे तिघं मित्रमंडळी जमतात. निकिता शाळेत शिकवते, हर्षल औषधांच्या दुकानात असतो, वैष्णवी घरांचे नकाशे काढते. त्यांचा खेळ पत्त्यांचा नाही की मोबाइलचाही नाही. एकाने एक जग रचायचं आणि ते तोंडाने सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं. काही धाडस करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. चांगला पडला तर उडी जमली, वाईट पडला तर दरीत.

जग रचायचं काम रविराजचं. तयार जगांचा त्याला कंटाळा आला होता. जुन्या ग्रीक लोकांच्या देवांच्या कथांचं त्याला कॉलेजपासून वेड होतं, आणि त्या वळणाचं पण स्वतःचं असं जग उभं करायचं त्याच्या मनात होतं. त्याला मोठा, एकसंध, पांढरा कागद हवा होता. आई भजनाला गेलेली बघून त्याने मला माळ्यावरून काढलं आणि उलगडलं. कोटातल्या बापाशी त्याची नजरानजर झाली.

"सॉरी, नाना," तो पुटपुटला, आणि त्याने मला पालथं घातलं.

खोटं कशाला बोलू, त्यानंतरचे काही महिने मी माझी लाज विसरून गेलो. माझ्या पाठीवर समुद्र आला. वैष्णवीने निळ्या मार्करने किनारे ओढले, आखातं कापली, बेटं सोडली. थोरल्या देवाचं शिखर रविराजने हुबेहूब आपल्या ब्रह्मगिरीसारखं काढलं आणि वर फक्त बर्फ टाकला. हर्षलला प्रत्येक बेटावर लढाई हवी असायची. निकिता हट्टी. तिचा एक नियम होता, राक्षस ठेवायचा असेल तर तो कुणाच्या पापाने राक्षस झाला ते आधी सांगायचं.

"ग्रीकांचं सगळं तसंच असतं," ती म्हणायची. "चूक देवाची आणि शिंगं माणसाला."

मग दुपारभर त्यावर वाद. एका बेटावरच्या धनगराचं गाणं ऐकून वाऱ्याचा देव जळला, त्याने त्या धनगराचा गळाच काढून घेतला, म्हणून त्या बेटावरचे सगळे लोक आजही हातवाऱ्यांनी बोलतात. हे निकिताचं. दुसऱ्या बेटावर आरशाला बंदी, कारण तिथल्या राणीला तिच्या आईनेच शाप दिलेला. हे वैष्णवीचं. चहा पिताना माणसं देवांच्या भानगडी अशा बोलायची जणू शेजारच्या बिल्डिंगमधल्याच आहेत. मला अभिमान वाटायला लागला होता. आजवर मी माणसांची खोटी तोंडं मिरवणाऱ्यांतला, आणि आता माझ्यावर एक अख्खं जग वसत होतं.

सगळ्यांत शेवटी रविराजने मेलेल्यांचा देश काढला. तिथे जायला वाटेत एक काळी नदी, तिचं नाव विस्मरा. ग्रीकांच्या कथांत अशी नदी असते आणि मेलेल्यांना पलीकडे पोचवणारा एक नावाडीही असतो. एका लढाईत हर्षलचा सरदार मारला गेला आणि त्या नदीकाठी जाऊन उभा राहिला.

"नावाडी काय म्हणतो?" हर्षलने विचारलं.

रविराजने काहीच ठरवलेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, आणि आतून खंडेराव बाहेर आले.

"चला, चला, बसा. सरका आत, आजून चार बसत्यात. ओ सरदार, ती तलवार मांडीवर घ्या, माणसाला टोचती. आन् तू रं? कुणाचा तू? बापाचं नाव सांग, मंग बस."

आवाज तोच, मधला खोकला तोच, शेवटचा शब्द लांबवायची ढबही तीच. मंडळी हसून हसून लोळली. निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाठीवर जिथे ती नदी होती, त्याच्या नेमकं खाली खंडेरावांचं तोंड फरशीला घासत होतं. मी इतका शरमलो की कडा आत वळल्या. त्यांनी त्यावर चपला ठेवून मला सरळ केलं.

त्यानंतर दर रविवारी नावाड्याची फर्माईश सुरू झाली. मुद्दाम कड्यावरून उडी मारून मरायचं, का, तर नावाडी भेटावा. रविराजही रंगात यायचा. नावाडी देवांनासुद्धा दाटीवाटीने बसवायचा, राण्यांना टपावर चढा म्हणायचा.

"ए रवी, हा आवाज तुला सुचला कुठून?" एकदा निकिताने विचारलं.

"असाच. गावाकडे एक जीपवाला होता," रविराज म्हणाला आणि त्याने घाईघाईने फासा पुढे केला.

बापाला बाप म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. ही सगळी भली माणसं, त्यातल्या एकानेही त्याला हिणवलं नसतं. पण कोट चढवताना त्याने जसं मागे वळून पाहिलं होतं, तसंच आताही पाहिलं असणार. ओळखतो मी त्याला.

साळूबाई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा बशीवर कप वाजल्याचं मी ऐकलं. ती दारापर्यंत आली आणि उभी राहिली. रविराजने आवाज खाली आणला, नावाड्याला गुंडाळलं आणि भलतंच काहीतरी सुरू केलं. पुढे तेच होऊ लागलं. तिची पावलं वाजली की नावाडी गायब. नवऱ्याची टिंगल ऐकून आईचं काळीज तुटत असेल, असं त्याला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

मग वर्षश्राद्ध जवळ आलं. "रव्या, त्यो फ्लेक्स काढून ठेव बरं का," एका सकाळी साळूबाई म्हणाली.

मी तेव्हा गुंडाळी होऊन सोफ्यामागे उभा होतो.

"तो माळ्यावर उंदरांनी कुरतडला, आई," रविराज म्हणाला. "आपण नवीन छापू."

त्या दिवसापासून रविराजला धड झोप लागेना. फ्लेक्स सापडला तर आईला काय तोंड दाखवायचं, ही चिंता त्याला खात होती. दिवसातून चारदा तो सोफ्यामागे डोकावायचा. मला सुरीने कापून कचऱ्यात टाकावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं असेल. मी त्याला दोष देत नाही.

पुढच्या रविवारी त्याने मला पसरलं आणि बसताक्षणी जाहीर केलं, "नावाडी संपला. थोरल्या देवाने विस्मरेवर दगडी पूल बांधलाय. मेलेल्यांनी चालत जायचं."

"काय रे, एवढं चांगलं पात्र," हर्षल कुरकुरला.

"पूल कशाला? त्याची मजाच नावाड्यात होती," वैष्णवी म्हणाली.

रविराज ऐकेना. खेळ सुरू झाला, पण त्यात जीव नव्हता. तेवढ्यात साळूबाई चहाचा ट्रे घेऊन दाराशी आली.

"आज त्यो नाय का आला?" तिने विचारलं.

"कोण, काकू?" निकिता म्हणाली.

"त्यो. सरका, सरका म्हणतो त्यो."

"नावाडी होय? त्याला रवीने संपवला," हर्षल हसत म्हणाला. "काय भारी होता, काकू. आम्ही तर त्याच्यासाठीच यायचो."

"भारी व्हताच," साळूबाई म्हणाली. "रव्याचा बाप व्हता त्यो."

हसू तिथेच थांबलं.

"आन् तुमी ज्याच्यावर बसलाय ना, त्याच्या खालच्या अंगाला बी त्योच हाय."

चौघंही चटका बसल्यासारखे माझ्यावरून उठले. पाय लागला म्हणून वैष्णवीने वाकून मला हात लावला आणि तो कपाळाला नेला. तिचं बघून हर्षलनेही तेच केलं. इतके दिवस माझ्यावर शेंगदाण्याची टरफलं पडली, चहा सांडला, कुणी लवंडून झोपलं. कधी काही वाटलं नाही, आणि त्या नमस्काराने मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मी तुला सांगणारच होतो," रविराज म्हणाला.

"माळा झाडला तवाच कळलं मला. घडी मी घातली व्हती ना, तिच्या रेघा वळखते मी. उलटा कर त्येला, बघू दे."

त्याने मला उलटं केलं. बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडाला उजेड लागला. गाल घासून पांढरे पडले होते, एक डोळा गेला होता. कोट मात्र जसाच्या तसा. साळूबाईने मला पाहिलं, अगदी नीट पाहिलं.

"ह्या सायबाला मी तवा बी वळखलं नाय आन् आता बी वळखत नाय," ती म्हणाली. "श्राद्धाला हा नको मला. पालथा घाल परत."

हेच ऐकायचं माझं बाकी राहिलं होतं. मी पुन्हा पालथा झालो. ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, माझ्या त्या कडेला, जिथे नदी होती.

"मला ने तिथं. त्या नदीवर."

"आई, खेळ आहे तो."

"कळतंय मला. येडी नाय मी. माळकरी बायकांत भजन म्हणते, तिथं ऐकू येत नाय त्यांचा आवाज. इथं येतो. बोलव त्यांना."

निकिता मान खाली घालून बसली होती, इतके महिने आपण कुणाला हसत होतो ते तिला आता कळत होतं. रविराजने घसा साफ केला. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही जमलं नाही. मग आवाज आला.

"चला, चला. बसा आत."

"बसते," साळूबाई पदर सावरून म्हणाली. "पर आधी येक सांगा. रव्या कॉलेजात व्हता तवा त्याला सुट्टीला आणायला म्हणून तुमी गाडी घेऊन गेला व्हता. संध्याकाळी रिकामेच आला. काय झालं व्हतं?"

रविराजचा हात माझ्यावर टेकलेला होता. तो त्याने नदीवरून मागे ओढला. मग खंडेरावांच्या आवाजात उत्तर आलं.

"काय नाय गं. गेटवर लय गर्दी व्हती. पोरगं दिसलंच नाय मला."

साळूबाईने मान हलवली. "त्या दिवशी बी हेच म्हणला व्हता. शब्दाला शब्द. पर जेवला नाय."

आता रविराज त्या आवाजात राहू शकला नाही. नागव्याने उभं राहावं तसा तो स्वतःच्या आवाजात बोलायला लागला.

"दिसलो होतो, आई. त्यांनी मला पाहिलं. गाडीतून उतरून हाकही मारली. सोबतच्या पोरांनी विचारलं, कोण रे हा? मी म्हणालो, गावाकडचा एक जीपवाला आहे, ओळखीचा. नानांनी ऐकलं ते. मग तेच म्हणाले, चुकलं वाटतं, मला दुसरं कुणी वाटलं. आणि गेले. आयुष्यात परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. मला लाज वाटायची त्यांची. आता माझी वाटते."

तिने लेकाला कुशीत घेतलं नाही की शिव्याही दिल्या नाहीत. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर माझ्या पाठीवरच्या त्या काळ्या रेघेवर होती.

"आवं," ती म्हणाली, लेकाला नाही, नावाड्याला. "राग आला व्हता का पोराचा? मला तर कधी बोलला नाय. आज सांगा."

रविराजने तोंड उघडलं. आवाज आला नाही. बापाचाही नाही आणि त्याचा स्वतःचाही नाही.

खेळ तिथेच थांबलाय. निकिता, हर्षल, वैष्णवी रविवारी अजून येतात, पण पाय दुमडून माझ्या कडेने बसतात, टरफलं हातातच धरतात. धनगराचं बेट, राणीचं बेट, बर्फाचं शिखर, सगळं जसंच्या तसं वाट बघतंय. साळूबाई चहा झाला की येऊन नदीपाशी बसते. प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. रविराज "चला, बसा" एवढं म्हणतो आणि अडतो. येईल ते उत्तर खोटं असेल, आपणच आपल्याला माफ करून घेऊ, याची त्याला भीती वाटते, असं तो परवा निकिताला सांगत होता.

मला काही सांगता येत नाही. मी प्लॅस्टिक, वरून कोटवाला. म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडलं. सायखेडा-नाशिक रस्त्यावर खंडेरावांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तुम्ही कधी बसला असाल तर जरा आठवून बघा. ड्रायव्हर माणूस घरी बोलत नाही ते शेजारी बसलेल्या परक्याशी बोलून जातो. पोराबद्दल तुमच्याजवळ तो काही बोलला असेल, राग असो, दुसरं काही असो, तर सिडकोत येऊन सांगा. गोडच असलं पाहिजे असं काही नाही. एवढ्या माणसांना त्याने मुक्कामाला पोचवलं, कुणापाशी तरी बोलला असेलच की.

साळूबाई अजून काठावरच बसून आहे.